पावसाळ्यात विकायची, हिवाळ्यात विकत घ्यायची : भूतानच्या विजेचं गणित चुकलंय का?

घाटमाथ्यावरचा

गेल्या जानेवारीत थिंफूत चार दिवस काढले. बाहेर शून्याखाली तापमान, खोलीत बुखारी (लाकडावर पेटणारी लोखंडी भट्टी, तिचं धुराडं भिंतीतून बाहेर काढलेलं) आणि जोडीला विजेचा हीटर. मी होमस्टेच्या मालकीणबाईंना कौतुकाने म्हटलं, तुमचं बरंय, सगळी वीज नदीची. त्या हसल्या. म्हणाल्या, "नदी आत्ता झोपलीय. हा हीटर तुमच्या इंडियाच्या करंटवर चाललाय."

डोक्यात किडा वळवळायला एवढं पुरेसं होतं. परत आल्यावर वाचत बसलो.

भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्याही आत. एकट्या नाशिक शहरात याच्या दुप्पट माणसं राहतात. समुद्र नाही, तेल नाही, कोळसा नावापुरता. आहे ते पाणी आणि उतार. सात हजार मीटरवरच्या बर्फातून निघालेली नदी शे-दोनशे किलोमीटरात बंगाल-आसामच्या सपाटीवर येऊन पडते. १९६७ साली थिंफूत ३६० किलोवॅटचं पहिलं केंद्र सुरू झालं. मग भारताच्या पैशाने चुखा (३३६ मेगावॅट, १९८८), कुरिछू (६०), ताला (१०२०, २००७), मांगदेछू (७२०, २०१९) आणि आता पुनात्सांगछू-२ (१०२०), ज्याचं उद्घाटन नोव्हेंबर २०२५ मध्ये झालं. किरकोळ धरून सगळी बेरीज साडेतीन हजार मेगावॅटच्या आसपास जाते. मुंबईची ऐन उन्हाळ्यातली मागणी याहून जास्त असते.

आता गोम. हे सगळे प्रकल्प नदीप्रवाही. म्हणजे कोयनेसारखा मोठा साठा नाही. नदी अडवून बोगद्यात घालायची, खाली टर्बाइनवर सोडायची. जून ते सप्टेंबर पाणीच पाणी, तेव्हा वीज भारताला विकायची. डिसेंबर ते मार्च नद्या आटतात आणि निर्मिती क्षमतेच्या एक पंचमांशाच्या आसपास येते. नेमकं तेव्हाच देशात हीटर चालू. २०२२ पासून भूतान हिवाळ्यात भारताच्या एनर्जी एक्स्चेंजवरून (विजेच्या खरेदी-विक्रीच्या बाजारातून) वीज विकत घेतोय. जगात कार्बन शोषून घेणारा देश म्हणून मिरवायचं आणि जानेवारीत झारखंडच्या कोळशावर हात शेकायचे!

माझं मत : ही लासलगावच्या कांदेवाल्याची गत आहे. एकच पीक, एकच व्यापारी, आणि स्वतःच्या घरात कांदा लागेल तेव्हा चाळ रिकामी. नवे मोठे जलप्रकल्प थांबवून भूतानने सौर आणि पवनकडे वळायला हवं. वाचकांना काय वाटतं?

रिटायर्ड टर्बाइन

कांद्याची उपमा छान आहे, पण शेतकऱ्याला विचारा की बाबा, तुझ्या रानात दुसरं येतं काय?

माझी नोकरी पोफळीला, कोयनेच्या वीजघरात गेली, त्यामुळे हा विषय निघाला की हात शिवशिवतात. कोयनेत १०५ टीएमसीचा साठा आहे म्हणून आम्ही एप्रिलच्या संध्याकाळी सातला चाक फिरवू शकत होतो. त्यासाठी शिवसागराखाली किती गावं गेली आणि त्या लोकांचं पुनर्वसन अजून कसं लोंबकळतंय, हे सातारकरांना विचारा. भूतानकडे ती चैन नाही. त्यांच्याकडे सपाट जमीन म्हणजे दरीचा तळ. पारो, पुनाखा, वांगदू इथे भात पिकतो, तिथेच वस्ती, तिथेच त्यांचे झोंग (किल्लेवजा मठ). दोनशे मीटर उंच भिंत घालून तो तळ बुडवला तर देशच बुडाला. म्हणून त्यांनी छोटी भिंत आणि लांब बोगदा हा मार्ग धरला. तालाचा बोगदा जवळजवळ २३ किलोमीटर आणि पाण्याची उंची ८६० मीटर. एवढी उंची असली की थोड्या पाण्यात भरपूर वीज निघते, म्हणून तिथे पेल्टन चाकं, उंचावरून येणाऱ्या पाण्याच्या झोताने फिरणारी. शिवाय ताला हा चुख्याच्याच खाली, त्याच वांगछू नदीवर. वरून सुटलेलं पाणी पुन्हा वापरायचं. इंजिनियर म्हणून मी टोपी काढतो.

हिवाळ्यात वीज कमी पडते हे खरं. पण आठ महिने विकून चार महिने थोडी विकत घेणं याला तोट्याचा धंदा म्हणत नाहीत. सगळं घरातच पिकवायचा हट्ट पंजाबही धरत नाही.

सुलेखा

काका, तुमच्या टोपीला नमस्कार, पण चाकाच्या पलीकडे वहीसुद्धा बघायला हवी.

चुखाच्या वेळी भारताने साठ टक्के रक्कम अनुदान म्हणून दिली, चाळीस टक्के कर्ज, तेही पाच टक्क्यांनी. खर्च होता सुमारे अडीचशे कोटी. तो प्रकल्प भूतानसाठी खरंच कामधेनू ठरला. तालाला प्रमाण तेच, व्याज नऊ टक्के. मांगदेछूला गणित उलटं झालं : तीस टक्के अनुदान, सत्तर टक्के कर्ज, व्याज दहा टक्के. पुनात्सांगछू-१ला ४०:६०. म्हणजे धाकट्या भावाला हात देता देता आपण हळूहळू सावकार झालो.

पुनात्सांगछू-१ची कहाणी तर प्रत्येक अर्थमंत्र्याने वाचावी. १२०० मेगावॅट, काम सुरू २००८ साली, अंदाज साडेतीन हजार कोटींचा. जुलै २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या काठाचा डोंगर सरकला. तिथून पुढे डोंगर बांधून ठेवण्यात वर्षं गेली, पुन्हा सरकला, जागा बदलायची की नाही यावर दोन देशांत खल, आणि खर्च नऊ हजार कोटींच्या पुढे. मुख्य धरणाचं काम पुन्हा सुरू करायचं असं आत्ता २०२५ मध्ये ठरलं. या सतरा वर्षांत एक युनिट तयार झालेलं नाही. व्याज मात्र रोज तयार होतंय.

भूतानचं परदेशी कर्ज त्यांच्या वार्षिक उत्पन्नापेक्षा मोठं आहे, आणि त्यातला मोठा वाटा याच प्रकल्पांचा. घाटमाथ्यावरच्यांचा निष्कर्ष मला मान्य आहे, कारण वेगळं आहे. हिवाळा ही किरकोळ अडचण. खरी अडचण डोंगर.

कडू कारलं

सावकार, भाऊ... आमच्याकडे त्याला 'मेहुणा' म्हणतात. पैसा त्याचा, ठेकेदार त्याचा, मजूर त्याचे, गिऱ्हाईकही तोच. भूतानचं काय? नदी आणि आभाराचं भाषण.

जुलै २०१३ आठवतोय का कुणाला? भूतानमध्ये निवडणुकीला काही दिवस राहिले होते आणि भारताने गॅस सिलिंडर आणि रॉकेलवरची सबसिडी काढली. थिंफूत एका रात्रीत सिलिंडरचे भाव दुपटीच्या वर. निवडणूक झाली, सत्ताधारी पडले, पुढच्या महिन्यात सबसिडी परत. योगायोगच म्हणायचा! वीज निर्यात करणारा देश स्वयंपाकाच्या गॅसला कसा अडतो ते तेव्हा दिसलं. भूवेष्टित असण्याचा अर्थ नकाशात कळत नाही, सिलिंडरच्या रांगेत कळतो.

रिटायर्ड टर्बाइन

सुलेखाताई, कर्ज मोठं आहे पण कसलं आहे ते सांगायचं राहिलं. कर्ज रुपयात, वीज विकायची रुपयात, आणि त्यांचं चलन, नुलट्रम, रुपयाशी एकास एक बांधलेलं. डॉलर वधारला म्हणून हप्ता वाढत नाही. श्रीलंकेचं कर्ज आणि हे कर्ज एका तराजूत घालू नका. दुसरं, विजेचा दर 'खर्च अधिक परतावा' या पद्धतीने ठरतो. प्रकल्प महागला तर दर वाढतो आणि तो भारत भरतो. मांगदेछूची वीज आपण ४ रुपये १२ पैशांनी घेतली. प्रकल्प सुरू झाला की हप्ता विजेच्याच पैशातून फिटतो. चुख्याचं कर्ज केव्हाच फिटलं.

मजुरांबद्दल कारलेसाहेब बरोबर आहेत. पण पावणेआठ लाखांच्या देशात २३ किलोमीटर बोगदा खणायला माणसं आणणार कुठून?

सुलेखा

दर वाढतो आणि भारत भरतो, हे मांगदेछूपर्यंत ठीक होतं. नऊ हजार कोटींच्या पुनात्सांगछूची वीज याच हिशेबाने किती पैशांना पडेल? आणि इकडे भारतात सौर प्रकल्पांचे लिलाव अडीच रुपयांच्या आसपास जातात. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे बोली आली होती. उद्या एखादं राज्य म्हणालं की आम्हाला महाग भूतानी वीज नको, तर? व्यापारी एकच असण्याचा धोका तिथे आहे. मेहुणा रुसण्याची वाट बघायला नको, मेहुण्याला स्वस्त दुकान सापडलं तरी पुरे.

रुपयाचंही तितकं सोपं नाही. २०१२ साली भूतानमध्ये रुपयांची चणचण झाली होती. बँकांनी वाहनं आणि घरांसाठी कर्ज देणं थांबवलं. वीज विकून आलेला रुपया सिमेंट, डिझेल, गाड्या, तांदूळ आणायला परत खालीच जातो.

साक्रीचं ऊन

मी सोलरच्या धंद्यात आहे, तेव्हा माझं मत पातळ करून घ्या.

सुलेखाताई, अडीच रुपयांची वीज दुपारी बाराची असते. संध्याकाळी साडेसातला तुम्हाला ती कुणीही अडीच रुपयांत देणार नाही. एक्स्चेंजवर कमाल दहा रुपयांची मर्यादा घालून ठेवलीय, आणि कडक उन्हाळ्याच्या रात्री भाव त्या छताला टेकतो. पाण्याच्या विजेचा कस तिथे लागतो : झडप उघडली की काही मिनिटांत वीज. भूतान जे विकतो ते 'युनिट' नाही, 'वेळ' आहे. पण जुने करार सरसकट युनिटला एकच दर देतात. मला विचाराल तर भांडायचं असेल तर त्यांनी इथे भांडावं.

आणि घाटमाथ्यावरचे साहेब, सौरकडे वळा म्हणणं सोपं आहे. भूतानच्या राज्यघटनेत साठ टक्के जमीन कायम जंगलाखाली ठेवायचं बंधन आहे. उरलेल्यात बर्फ, कडे आणि शेती. वांगदू जिल्ह्यात सेफूला १७.३८ मेगावॅटचा सौर प्रकल्प घेतला, तोच त्यांच्यासाठी मोठा. पवनचक्क्या रुबेसाला २०१६ पासून उभ्या आहेत. किती? दोन. प्रत्येकी ३०० किलोवॅट. आमच्या ब्राह्मणवेलच्या पठारावर यापेक्षा कितीतरी जास्त चक्क्या एका नजरेत दिसतात.

घाटमाथ्यावरचा

दोन पवनचक्क्या म्हणून हसण्यात अर्थ नाही. आपल्याकडेही सुरुवात अशीच झाली होती.

पण साक्रीसाहेब, तुमच्याच धंद्याची बाजू तुम्ही मांडली नाहीत. मी जानेवारीत गेलो तेव्हा चारही दिवस लख्ख ऊन होतं. आभाळ असं निळं की डोळे दुखतात. म्हणजे ज्या महिन्यांत नदी झोपते त्याच महिन्यांत सूर्य पूर्ण हजर. पावसाळ्यात ढग असतात तेव्हा नदी हजर. देवाने जोडी लावून दिलीय, लग्न तेवढं यांनी लावायचंय.

रिटायर्ड टर्बाइन

हे मात्र लाख मोलाचं बोललात! पहिल्या पोस्टपेक्षा हे फार चांगलं, आणि त्याच्या उलटही. पहिल्यांदा म्हणालात नदी सोडा आणि सौर घ्या. आता म्हणताय दोघांचं लग्न लावा. लग्नाला मी आहे.

कसं ते सांगतो. नदीप्रवाही प्रकल्पातही धरणामागे लहानसं तळं असतं, काही तासांचं पाणी धरणारं. पावसाळ्यात ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच भरतं, त्याचा उपयोग शून्य. पण हिवाळ्यात नदीची धार बारीक असते, तेव्हा तेच तळं मोठं वाटायला लागतं. दिवसा घरांना आणि कारखान्यांना सौरवीज द्या, तळ्यात पाणी धरून ठेवा, संध्याकाळी पाच ते नऊ सोडा. एकही नवी भिंत न बांधता हिवाळ्याची संध्याकाळ थोडी तरी सुटते. रात्र सुटत नाही. पहाटे चारला बुखारी लागणारच.

कडू कारलं

लग्न, पातं, लख्ख ऊन. वाचून डोळे पाणावले. आता एक गद्य प्रश्न. पावसाळ्यातली जास्तीची वीज भूतान कशात घालत होता, माहीत आहे ना? बिटकॉइनमध्ये! २०१९च्या सुमारास त्यांच्या सरकारी गुंतवणूक कंपनीने, द्रुक होल्डिंगने, गुपचूप बिटकॉइन मिळवणारी, वीज खाणारी कॉम्प्युटर-मशिन लावली. २०२३ साली बातमी फुटली. २०२४ मध्ये कळलं की बारा-तेरा हजार बिटकॉइन तिजोरीत आहेत. जगात सुख मोजणारा देश, आणि धबधबा खाली कॉम्प्युटरला वारा घालतोय.

सुलेखा

मी इथे भूतानच्या बाजूने. कुणाला धक्का बसला असेल तर पाणी प्या.

भूवेष्टित देशाची अडचण बघा. वीज विकायची तर तार भारतातूनच जाणार. बांगलादेश फार लांब नाही, पण मधे आपला सिलीगुडीचा चिंचोळा पट्टा. २०१६ साली भारताने सीमापार विजेचे नियम असे केले की भारतीय मालकीच्या कंपन्यांनाच दार सताड उघडं; नेपाळ आणि भूतान दोघांनी कुरकुर केली, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये ते सैल झाले. नेपाळची पहिली वीज आपल्या तारेवरून बांगलादेशात पोचली नोव्हेंबर २०२४ मध्ये. ४० मेगावॅट! एवढ्याशा विजेला किती वर्षं लागली.

अशा वेळी एखाद्या शहाण्याने विचार केला की तारेशिवाय वीज परदेशी पाठवता येईल का, तर बिटकॉइन हे त्याचं उत्तर आहे. वीज आकड्यात बदलली आणि आकड्याला सीमा नाही. व्यापारी बदलला. ते थोर आहे असं मी म्हणत नाही. भाव कोसळला तर तिजोरीही कोसळेल.

साक्रीचं ऊन

थोर तर नाहीच. कारण ती मशिन पावसाळ्यात लावली तरी हिवाळ्यात कुणी बंद करून ठेवत नाही. भांडवल अडकलेलं असतं. देशातली मागणी वाढली त्यात यांचाही वाटा आहे, शिवाय भूतानातल्याच पासाखाचे फेरोसिलिकॉनचे (पोलादाला लागणाऱ्या मिश्रधातूचे) कारखाने. तेही भट्टीत वीजच ओतून माल काढतात. एकीकडे हिवाळ्यात वीज विकत आणायची, दुसरीकडे ती भट्टीत आणि मशिनमध्ये घालायची. मालकीणबाईंचा हीटर त्या मानाने बिचारा निष्पाप.

ताम्हिणीची पोर

सगळे मेगावॅट बोलताय. नदीबद्दल कुणी बोलेल का?

मी मुळशीकडची. आमच्या आजोबांच्या घरात सेनापती बापटांचा फोटो असायचा. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, लोक हरले, धरण झालं, मुंबईला वीज मिळाली. तीच कंपनी आज भूतानमध्ये आहे. दागाछूत (१२६ मेगावॅट) २६ टक्के भागीदारी, खोरलोछूत (६०० मेगावॅट) ४० टक्के, आणि २०२४ मध्ये ५००० मेगावॅटचा सामंजस्य करार. टाटांच्या खोपोलीच्या वीजघराचं चाक १९१५ साली फिरलं, ते शंभर वर्षांनी हिमालयात पोचलं.

नदीप्रवाही म्हणजे निरुपद्रवी असं काका सुचवतायत. गावं कमी बुडतात, मान्य. पण धरण ते वीजघर या मधल्या टप्प्यात नदी बोगद्यात असते, पात्रात नसते. पुनात्सांगछूच्या काठांवर पांढऱ्या पोटाचा बगळा राहतो, तो जगात मोजक्या संख्येने उरलाय. तो उथळ वाहत्या पाण्यात, गोट्यांच्या पात्रात मासे पकडतो. त्याला बोगद्यात जाता येत नाही.

आणि डोंगर फक्त सरकत नाही, वरून तळंही फुटतं. ७ ऑक्टोबर १९९४ ला उत्तर भूतानच्या लुनानातलं लुग्ये त्सो हे हिमनदीचं तळं फुटलं, लोंढा पुनाखापर्यंत आला, वीसेक माणसं गेली. त्याच नदीवर खाली पुनात्सांगछूचे दोन प्रकल्प आहेत. शेजारच्या सिक्कीममध्ये ४ ऑक्टोबर २०२३ ला दक्षिण ल्होनाक तळं फुटलं आणि चुंगथांगचं तीस्ता-३ धरण, १२०० मेगावॅटचा प्रकल्प, एका रात्रीत वाहून गेलं. याचा विमा कोणत्या वहीत आहे, सुलेखाताई?

सुलेखा

नाही. कुठल्याच वहीत नाही. म्हणूनच म्हटलं, खरी अडचण डोंगर.

रिटायर्ड टर्बाइन

पोरी, तुझ्या आजोबांना नमस्कार. मुळशीबद्दल मी वाद घालणार नाही, तिथे आमच्या पिढीने मान खालीच घालावी.

पण दोन गोष्टी. त्याच लुनानातल्या थोरथोर्मी तळ्याचं पाणी भूतानी लोकांनी २००९ ते २०१२ या काळात हातांनी उपसलंय. चार हजार मीटरवर यंत्र पोचत नाही, म्हणून चालत जाऊन, कुदळी-पहारींनी चर खणून पातळी काही मीटर खाली आणली. धोका त्यांना आपल्यापेक्षा आधी कळतो. आणि दुसरी गोष्ट, वीज नसती तर बुखारीत काय जळलं असतं? लाकूड. साठ टक्के जंगल घटनेत लिहून उरत नाही, घरोघरी वायर गेली म्हणून उरतं. त्यांच्या खेड्यांतल्या घरांना महिन्याला शंभर युनिट फुकट आहेत, ते दया म्हणून नाही, झाड वाचावं म्हणूनही.

ताम्हिणीची पोर

काका, बुखारी अजूनही लाकडावरच जळते. धाग्याच्या पहिल्या परिच्छेदातच लिहिलंय.

रिटायर्ड टर्बाइन

😄 पकडलंस.

कडू कारलं

एक राहिलं. एवढी वीज विकून भूतानी पोरं आहेत कुठे? पर्थला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी रांगा. मास्तर, नर्स, सरकारी बाबू सुद्धा नोकरी सोडून चाललेत. वीजघर चालवायला मोजकीच माणसं पुरतात, बाकीच्यांनी काय करायचं? तेलाच्या देशांना जो रोग लागतो तोच पाण्याच्या देशाला. पैसा येतो, काम येत नाही.

घाटमाथ्यावरचा

हा मुद्दा मला पटला, आणि माझ्या मूळ मताला बसतो. गेलेफूला, आसामच्या सीमेवर, राजांनी डिसेंबर २०२३ मध्ये नवं शहर जाहीर केलं तेही याच चिंतेतून असणार. पण मग वीज कच्ची न विकता घरात वापरून माल विकायला हवा. फेरोसिलिकॉन त्याचंच एक रूप नाही का?

काकांमुळे 'नवे प्रकल्प थांबवा' हे मी मागे घेतो. 'नदीप्रवाही पुरे झाले, आता साठ्याचं बघा' असं म्हणतो. संकोश आहे ना, २५८५ मेगावॅटचा, साठ्याचा? नव्वदच्या दशकापासून कागदावर आहे.

रिटायर्ड टर्बाइन

संकोश कागदावरच बरा. दोनशे मीटरची भिंत, खाली भारताचं मानस आणि बक्साचं जंगल, आणि खर्चाचा आकडा ऐकून दोन्ही अर्थमंत्री एकदमच पाणी मागतील. सुलेखाताई तर आधी.

मला विचाराल तर उदंचन. आपल्याकडे घाटघरला २५० मेगावॅटचं केंद्र आहे : एक तळं माथ्यावर, एक पायथ्याशी. रात्री स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं, गरजेच्या वेळी खाली सोडायचं. नदी अडवायची गरज फार कमी, दोन लहान तळी पुरतात. भूतानकडे उतार हवा तेवढा आहे. टाटांच्या त्या करारात जेरीचा १८०० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहेच.

कडू कारलं

आणि हिवाळ्यात पाणी वर चढवायला वीज कुठून आणणार, काका? तिथे हीटरला नाही म्हणून तर धागा निघाला.

साक्रीचं ऊन

आमच्याकडून. राजस्थान-गुजरातेत दुपारी सौरवीज इतकी होते की कधी कधी ती वापरायला गिऱ्हाईक नसतं, प्लांट बंद ठेवायला सांगतात. ती दुपारी घ्या, पाणी वर चढवा, संध्याकाळी आम्हालाच चढ्या भावाने विका.

कडू कारलं

म्हणजे आता आमचंच ऊन आम्हाला परत विकणार. मेहुणा शिकला म्हणायचा.

सुलेखा

शिकेल तेव्हा शिकेल. आधी सांगा, त्या दोन तळ्यांचं कर्ज किती टक्क्यांनी?